अख्खा बँड, पहिल्यापासून शेवटपर्यंत: उम्मागुम्मापाशी गाडी अडकलीये

वाळलेलं_पान

मंडळी, एक खूळ डोक्यात घेतलं आणि आता मधेच लटकलोय, म्हणून हा धागा.

कॉलेजातल्या आम्हा पाच जणांचा व्हॉट्सॲप गट आहे. वाढदिवस आणि कोणाच्या तरी सासऱ्यांची बायपास सोडली तर तिथं शुकशुकाट. जूनमध्ये मी जाहीर केलं की पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड पहिल्यापासून ऐकणार. १९६७चा 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' ते २०१४चा 'दि एंडलेस रिव्हर', एकूण १५ स्टुडिओ अल्बम. आठवड्याला एक. तीनदा ऐकायचा: एकदा काम करता करता, एकदा चालायला जाताना आणि एकदा रात्री दिवा घालवून. रविवारी गटावर त्यातलं एकच गाणं टाकायचं, सोबत चार ओळी. जे सगळ्यांना पाठ आहे ते टाकायचं नाही.

'पायपर'मधून 'मटिल्डा मदर' टाकलं. 'सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'मधून 'रिमेंबर अ डे'. 'मोअर'मधून 'सिंबलीन'. एक अंगठा, एक अंगठा, आणि तिसऱ्याला एकाचा प्रश्न, "तू बरा आहेस ना?"

आता चौथा: 'उम्मागुम्मा', १९६९. दोन एलपींचा ऐवज. पहिली लाइव्ह, ती उत्तम. दुसरीत बँडमधल्या चौघांनी (राइट, वॉटर्स, गिलमोर, मेसन) अर्धी अर्धी बाजू वाटून घेतलीय आणि ज्यानं त्यानं आपापला संसार मांडलाय. मी तीन आठवडे तिथंच आहे. राइटच्या 'सिसिफस'च्या पुढे सरकत नाही. बाराव्या मिनिटाला मला घरातली कामं आठवतात. परवा गिझर साफ केला.

तर प्रश्न असा: नेटानं संपवायचा, की उडी मारून पुढं जायचं? आणि तुम्ही कुठला बँड अख्खा ऐकलाय, कुठे अडकलात? प्रत्येकानं एकेक गाणंही सांगा. नेहमीचं यशस्वी नको.

ठाणे_फास्ट

उडी मार. आयुष्य छोटं आहे.

लोखंडे

अजिबात उडी मारू नकोस. आयर्न मेडन या बँडचे १७ अल्बम क्रमानं ऐकलेत, त्यामुळे अधिकारवाणीनं बोलतोय. १९९८च्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'मध्ये 'दि एंजल अँड द गॅम्बलर' नावाचं जवळपास दहा मिनिटांचं प्रकरण आहे. त्यात एकच ओळ इतक्या वेळा येते की शेजारच्या काकूंना पाठ झाली. पण त्याच अल्बमात 'द क्लॅन्समन' आहे! उडी मारली असती तर ते मिळालंच नसतं.

दुसरं म्हणजे मधला गायक ब्लेझ बेली याचे दोन अल्बम सोसल्याशिवाय २०००च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये आधीचा गायक ब्रूस डिकिन्सन परत आल्याचा आनंद कळत नाही. उपास सोडल्यावर जेवण गोड लागतं तसं. (ब्लेझभक्तांनी हलकेच घ्या.)

माझं गाणं: 'सी ऑफ मॅडनेस', १९८६. मार्च २००७ला पुण्याहून रेल्वेनं बंगळुरूला त्यांना ऐकायला गेलो होतो. येताना गळा बसलेला, चहावाल्याला बोटांनी दोन सांगितले.

तिरकस_तात्या

काडी टाकतो. आमच्याकडे एक बंदिश घेऊन माणसं जन्म काढतात आणि तुम्ही आठवड्याला अल्बम संपवता. गृहपाठ आहे का? आवडलं ते ऐकावं, नाही आवडलं तर बंद करावं. पंधराच्या पंधरा कशाला? पाढे आहेत का?

वाळलेलं_पान

तात्या, म्हणून तर तीनदा ऐकतो.

तिरकस_तात्या

तीनदा! वा. गायकाच्या सातव्या पिढीला कळवतो.

राईनकाठ

तात्यांचा मुद्दा खोटा नाही, पण क्रमानं ऐकण्यात एक गोष्ट मिळते जी निवडक ऐकण्यात मिळत नाही. सांगते.

पान, तू 'सॉसरफुल' ऐकलास. त्यातलं शेवटचं गाणं 'जगबँड ब्लूज' आठव. त्या अल्बमवर सिड बॅरेटनं लिहिलेलं ते एकमेव गाणं. पहिल्या अल्बमात जवळजवळ सगळं त्याचंच होतं आणि दुसऱ्यात तो शेवटच्या कोपऱ्यात उरलाय. मधेच सॅल्व्हेशन आर्मीचा ब्रास बँड घुसतो, सगळं विस्कटतं, आणि शेवटी तो एकटा गिटारवर. १९६८मध्ये तो बँडमधून गेला.

आता पुढचे चार-पाच आठवडे तू त्याच्याशिवाय काढणार. कधी तो गेलाय हेही विसरशील. आणि मग 'विश यू वर हिअर' येईल, १९७५. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', नऊ भाग, अल्बमच्या दोन टोकांना वाटलेले. ते त्याच्यासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही कॉलेजपासून ठाऊक होतं. पण क्रमानं ऐकताना त्या चार सुरांपाशी पोचले तेव्हा तो माणूस मला *आठवला*. आधी फक्त माहीत होता.

५ जून १९७५ला, त्यांचं ॲबी रोडवर काम चालू असताना, एक जाड, टक्कल केलेला, भुवयाही काढलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला आणि बराच वेळ कोणी ओळखलंच नाही. तो सिड होता. मी हे ड्युसेलडॉर्फच्या एका जुन्या एलपीच्या दुकानात उभी राहून वाचलं, आणि दुकानदार म्हणाला, रेकॉर्डवर पाणी पाडू नका.

माझं गाणं 'जगबँड ब्लूज'च.

ड्रॉप_डी

+१. वरच्या प्रतिसादानंतर काही लिहायची सोय नाही, तरी लिहितो.

तांत्रिक कारणासाठीसुद्धा क्रमानं ऐकावं. माणसं हातचं काम शिकताना दिसतात. १९६८चं 'सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' हे शीर्षकाचं गाणं घे, मग १९७०ची 'ॲटम हार्ट मदर' ही बाजूभर लांब रचना, आणि मग १९७१च्या 'मेडल'वरचं 'एकोज', साडेतेवीस मिनिटं. पहिल्यात नुसता प्रयोग आहे, दुसऱ्यात बाहेरून रॉन गीसिन आणि त्याचा ब्रास-कॉयरचा लवाजमा आणावा लागलाय, आणि तिसऱ्यात चौघंच पुरतात. सुरुवातीचा तो 'टिंग' म्हणजे राइटच्या पियानोचा सूर लेस्ली स्पीकरमधून काढलेला. मधे जे देवमासे किंचाळतात ती गिलमोरची गिटार, वाह पेडलच्या वायरी उलट्या जोडलेल्या. मी घरी करून पाहिलं. मांजर दोन दिवस आलं नाही.

गाणं: 'फिअरलेस', 'मेडल'मधलं. ओपन जी ट्यूनिंग, रिफ नवख्यालासुद्धा अर्ध्या तासात बसतो. शेवटी लिव्हरपूलच्या मैदानावरची गर्दी गाते.

झिरमिळ

मी इथली शेंडेफळ, २००३चं मॉडेल. खरं सांगू का, मी अख्खा अल्बम आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो लॉकडाऊनमध्ये. त्याआधी मला वाटायचं अल्बम म्हणजे नुसतं फोल्डर.

एक भाबडा प्रश्न. फुकटातल्या ॲपवर पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' ऐकत होते. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये ती बाई जीव तोडून गात असते, शेवटी हळूहळू शांत होते, आणि माझ्या अंगावर काटा असताना एक माणूस ओरडला, "पाच मिनिटांत पर्सनल लोन!" मग 'मनी' सुरू झालं. हे मूळ अल्बमात नाही ना?

ठाणे_फास्ट

नाही, पण असायला हवं होतं.

नेमका

@झिरमिळ, जाहिरात त्यानं जाणार नाही, पण सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळायची सोय) बंद कर. त्या अल्बमातली गाणी मुळात एकमेकांत मिसळलेली आहेत, ॲपनं आणखी ढवळायची गरज नाही.

बाकी थोडी नोंद. धागाकर्त्यानं '१५ स्टुडिओ अल्बम' म्हणून जी यादी धरलीय तिच्यात 'अर्नोल्ड लेन' आणि 'सी एमिली प्ले' ही १९६७ची दोन्ही सिंगल्स नाहीत. ब्रिटनमधल्या 'पायपर'वर ती नव्हती. म्हणजे ज्या गाण्यांनी बँड पहिल्यांदा लोकांपर्यंत गेला तीच तुझ्या पारायणातून वगळली. १९७१च्या 'रेलिक्स' या संग्रहावर सापडतील.

बीटल्समध्ये हा घोळ मोठा आहे. 'दि इनर लाइट' कुठल्याच मूळ अल्बमवर नाही. ते १९६८च्या 'लेडी मॅडोना'ची मागची बाजू. आणि त्याचं वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८मध्ये आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलं होतं. सरोद, शहनाई, बासरी, पखवाज. अल्बम अल्बम करत बसलात तर मुंबईचंच गाणं निसटेल. माझी निवड तीच.

तिरकस_तात्या

नेमकेराव, आज पहिल्यांदा तुमचा प्रतिसाद शेवटपर्यंत वाचला.

ड्रॉप_डी

मुंबईचा विषय निघालाच आहे तर: लेड झेपेलिनचे पेज आणि प्लँट १९७२मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा वाजवून घेतली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली थेट २०१५मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. आठ अल्बम आणि 'कोडा' ऐकून "संपलं झेपेलिन" म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. 'फोर स्टिक्स'चा ताल विचित्र आहे, आपल्या लोकांनी तो कसा पेललाय ते कान देऊन ऐका.

पाचगणीकर

क्वीनचा विषय कोणीच काढला नाही?? णिषेध!

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला, 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. आमच्याकडे प्रत्येक घरात एक काका असतो ज्याच्या मित्राच्या थोरल्या भावानं फ्रेडीला पियानो वाजवताना ऐकलेलं असतं. सगळ्यांचे भाऊ एकत्र केले तर शाळेत बसायला जागा उरली नसती.

पंधरा अल्बम, १९७३ ते १९९५. अडकायची जागा सर्वांची एकच: १९८२चा 'हॉट स्पेस'. रॉक ऐकायला आलेल्या माणसाला डिस्कोत सोडून दिल्यासारखं होतं. पण त्या अल्बमचं अगदी शेवटचं गाणं कुठलं? 'अंडर प्रेशर'. डेव्हिड बोवी आणि फ्रेडी. म्हणजे दहा गाणी निमूट ऐकल्याचं बक्षीस. पानसाहेब, संपवा.

निवड: 'थर्टी-नाइन'. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे, त्याचं गाणं. अंतराळात जाऊन आलेला माणूस वर्षभरानं परततो आणि इकडे पिढ्या उलटलेल्या असतात. लिहिणारा पुढे खरोखर खगोलभौतिकीत डॉक्टर झाला, २००७मध्ये.

लोखंडे

म्हणजे पीएचडीला तीसेक वर्षं? आमच्या विद्यापीठात असता तर गाइड रिटायर झाला असता.

कॅसेटवाली

सगळे अल्बम-अल्बम करताय, माझं दुखणं वेगळंच आहे.

आमचा धाकटा मामा मिरजेचा. नव्वदच्या आसपास त्यानं मला एक कॅसेट भरून दिली होती. साठ मिनिटांची, सोनेरी लेबल, त्यावर हिरव्या शाईत 'पिं. फ्लॉ. — तू इथे हवी होतीस'. मामाचं भाषांतर. एका बाजूला तीस मिनिटं टेप, अल्बमची पहिली बाजू एकवीस. उरलेली टेप कोरी सोडणं मामाच्या रक्तात नव्हतं. त्यानं तिथं वसंतरावांचं 'घेई छंद मकरंद' भरलं.

त्यामुळे माझ्यासाठी 'वेलकम टू द मशिन' असं संपतं: यंत्राची घरघर वर वर जाते, दार उघडल्यासारखं होतं, पार्टीतली माणसं हसतात, हशा विरतो, एक 'टक्' (मामानं बटण दाबल्याचा) आणि लगेच पेटी. मग वसंतराव अशी काही तान घेतात की त्या यंत्राच्या पार ठिकऱ्या. दहा-बारा वर्षं मी ते असंच ऐकलं. पेन्सिलीनं टेप गुंडाळत, दोनदा सेलोटेपनं जोडत.

आता फोनवर सगळा अल्बम आहे, रीमास्टर केलेला, स्वच्छ. हशा विरतो आणि 'हॅव अ सिगार' येतं. दर वेळी मला वाटतं की काहीतरी कापलंय. मामा गेला त्याला आता सहा वर्षं झाली. कॅसेट आहे, वाजवायला यंत्र नाही.

राईनकाठ

ताई, ही कॅसेट माझ्या सगळ्या एलपींपेक्षा भारी आहे.

तिरकस_तात्या

मामांना साष्टांग. आणि नोंद करा, 'कट्यार काळजात घुसली' १९६७चं, पान म्हणतात तो 'पायपर'ही १९६७चा. एकाच वर्षीची पोरं, शेवटी मिरजेत भेटली.

बरं, आता कबूल करतो. धागा वाचून काल नातवाकडून ते 'ग्रेट गिग' लावून घेतलं. बाईंना एकही शब्द दिलेला नाही! नुसता आकार-उकार. दुसऱ्यांदा आवाज उतरवते तिथं मी पेपर खाली ठेवला. कोण हो या?

नेमका

क्लेअर टोरी. स्टुडिओत गाणारी गायिका, एका रविवारी बोलावलं, शब्द नाहीत, फक्त भाव सांगितला. गाऊन झाल्यावर तिलाच वाटलं की जास्त झालं. मानधन ३० पौंड. २००४मध्ये तिनं दावा लावला, २००५मध्ये तडजोड झाली, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर राइटच्या जोडीनं रचनाकार म्हणून तिचं नाव लागतं. 'डार्क साइड' १९८८पर्यंत बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता, त्या हिशेबानं ३० पौंड म्हणजे आठवड्याला चार पेन्स.

तिरकस_तात्या

चार पेन्स! आमच्याकडे निदान नारळ आणि शाल तरी देतात.

ठाणे_फास्ट

माझी पद्धत लिहितो, कोणी हसायचं नाही. मी अल्बम लोकलनं मोजतो. ठाणे ते सीएसएमटी फास्ट म्हणजे साधारण एक एलपी. 'ॲनिमल्स' जवळपास ४२ मिनिटं, अगदी मापात. कुर्ल्याच्या आसपास 'डॉग्स' संपतं, १७ मिनिटांचं गाणं, सगळे एकमेकांच्या उरावर, आणि हेडफोनमध्ये माणूस सांगतोय की धंद्यात टिकायचं तर पाठीत सुरा खुपसायला शिक. १९७७चा अल्बम आहे, पण आठ-बाराच्या लोकलसाठीच केलाय.

याच कारणानं मी 'उम्मागुम्मा' कधी ऐकला नाही. दीड तासाचा आहे, त्याला कर्जत लागतं.

निवड: 'डॉग्स'. प्रसिद्ध आहे म्हणा, पण पहिली सीट मिळाली तर कोण सोडतं.

लोखंडे

वॉटर्स की गिलमोर?

राईनकाठ

नको रे बाबा. मागच्या वेळी याच प्रश्नावर १८० प्रतिसाद झाले होते आणि दोघं आयडी बदलून आले.

ड्रॉप_डी

गिलमोर.

ठाणे_फास्ट

वॉटर्स. गिलमोरचा सोलो गोड, पण बोलायला काही हवं ना.

पाचगणीकर

राइट. नेहमी विसरता. तो २००८मध्ये गेला आणि 'एंडलेस रिव्हर' हा त्याच्याच १९९३-९४च्या राहिलेल्या सुरांवर उभा आहे. पानानं क्रमानं ऐकलं तर पंधरावा अल्बम त्याला निरोपासारखा लागेल. एकटा काढून ऐकला तर लिफ्टमधलं संगीत.

नेमका

आणि 'द फायनल कट', १९८३, त्यात राइट नाहीच. मुखपृष्ठाच्या मागेच छापलंय की रचना वॉटर्सची, सादरकर्ते पिंक फ्लॉइड. बाप दुसऱ्या महायुद्धात अँझिओला १९४४मध्ये मारला गेला, इकडे १९८२चं फॉकलंड युद्ध, आणि मुलगा चिडून लिहितोय. मला तो अल्बम बँडचा वाटत नाही, पण 'द गनर्स ड्रीम' काढून टाकायची हिंमत नाही.

झिरमिळ

अहो, मूळ प्रश्न राहिला. पानदादा, उम्मागुम्माचं काय झालं? गेले चार दिवस कुठे आहात? की आता माळा साफ करताय?

वाळलेलं_पान

आलो. झिरमिळ, माळा झाला, खोटं कशाला बोलू.

झालं असं. शनिवारी रात्री आमच्याकडे लाइट गेले. फोनला चाळीस टक्के बॅटरी. म्हटलं आता गिझरही नाही आणि माळाही नाही, होऊन जाऊ दे. 'सिसिफस' दात-ओठ खाऊन पार केलं. अजूनही आवडलेलं नाही, हे स्पष्ट सांगतो. तात्या म्हणतात तसं, नाही आवडलं ते नाही आवडलं.

त्यानंतर वॉटर्सचं 'ग्रँटचेस्टर मेडोज' लागलं. एक गिटार, हळू आवाजात गाणं, मागे चंडोल का कुठलातरी पक्षी सतत किलबिलतोय, मधेच पाण्यात पंख फडफडवत हंस उठतो. केंब्रिजजवळच्या नदीकाठचं कुरण आहे म्हणे. बाहेर आमच्याकडे पन्हाळीतून पाणी पडत होतं. मी आडवा झालो. गाणं संपत आलं आणि खोलीत माशी शिरली. या कानाकडून त्या कानाकडे. अंधारात दिसेना. मी उशाशी हात घालून पेपरची गुंडाळी केली आणि दबा धरून बसलो.

तेवढ्यात कोणीतरी जिन्यावरून धाडधाड उतरून आलं आणि फाट्!

माशी रेकॉर्डमध्ये होती. मारणाराही रेकॉर्डमध्येच होता. ५०हून जास्त वर्षांपूर्वी मारलेल्या माशीसाठी मी गुंडाळी उगारून बसलेलो.

गाणं रविवारी गटावर टाकलं, फक्त एवढंच लिहिलं की शेवटपर्यंत ऐका, हेडफोन लावून. रात्री साडेअकराला त्या मित्राचा मेसेज आला ज्यानं गट दोन वर्षांपूर्वी म्यूट केला होता: "मी चप्पल उचलली होती." मग पहाटे दोनपर्यंत पाचही जण जागे. एकानं 'जगबँड ब्लूज' टाकलं (राईनकाठताईंचा प्रतिसाद मी तिथं चिकटवला होता), एकानं चक्क सुमन कल्याणपूर. चालायचंच.

बाकी तीन संसारही ऐकले. गिलमोरचा तिसरा भाग बरा आहे. मेसनबद्दल ड्रमवाल्यांच्या भावना दुखावतील म्हणून गप्प बसतो.

कॅसेटवाली

माशीवरून आठवलं. काल भाचीनं मला फोनवर यादी करून दिली. 'वेलकम टू द मशिन', मग 'घेई छंद', मग 'हॅव अ सिगार'. ऐकलं. सगळं बरोबर आहे, फक्त मधला तो 'टक्' नाही.

ड्रॉप_डी

ताई, कॅसेट पाठवून द्या. माझ्याकडे चालू डेक आहे. 'टक्'सकट उतरवून देतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

कॅसेटवाली

पोस्टानं नाही पाठवणार. पुढच्या महिन्यात पुण्यात येतेय, हातात घेऊन येईन आणि वाजून होईपर्यंत समोर बसेन.

झिरमिळ

मीपण येऊ का? कॅसेट प्रत्यक्ष वाजताना पाहिलेली नाही.

नेमका

पान, 'ग्रँटचेस्टर मेडोज' ही निवड ग्राह्य. पाचवा अल्बम कधी?

वाळलेलं_पान

आजपासून. मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नुसती गाय उभी आहे, मागे वळून बघतेय.

तिरकस_तात्या

वैरण तयार ठेवा. बाजूभर लांब आहे म्हणतात.